दीड हात गाळ

पूर ओसरल्यावर पंधराव्या दिवशी सकाळी द्वारकाबाई झांबरे यांच्या वावरात त्या वावराचा मालक येऊन उभा राहिला.

द्वारकाबाई तेव्हा केळीची पडलेली पानं ओढून बांधावर टाकत होत्या. वाघुळखेडे गावाच्या खालच्या अंगाला, नदीला लागून त्यांचं चार एकरांचं वावर. नवरा जाऊन सात वर्षं झाली होती, मुलगी नाशिकला दिलेली. केळी, वांगी, पाणी, मजूर सगळं त्या एकट्याच बघत. पूर त्यांना नवा नव्हता. पाच-सात वर्षांनी एकदा नदी वर येई, दोन दिवस राही आणि जाताना गाळ टाकून जाई. मग तीन वर्षं खताचं नाव काढावं लागत नसे. यंदा नदीने हात फारच सैल सोडला होता. सगळ्या वावरात दीड हात गाळ साचला होता आणि केळीची खोडं त्यात पोटरीपर्यंत बुडून उभी होती.

आलेला माणूस साठीचा होता. डोक्याला पांढरा रुमाल, खांद्यावर कुदळ, काखेत गोधडीची वळकटी. त्याने बांधावर चपला काढल्या, गाळात दोन पावलं टाकली, उकिडवा बसला आणि चिमूटभर माती जिभेवर ठेवली.

"हेच," तो म्हणाला.

"कोण पाहिजे, भाऊ?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"कोणी नाई पाह्यजे, बाई. माह्यं वावर पाह्यजे होतं. सापडलं."

त्याचं नाव पुंडलिक गावंडे. वर डोंगराच्या पायथ्याशी भोकरदरी म्हणून गाव आहे, तिथला. नदीच्या काठाकाठाने आठ दिवस चालत तो आला होता, आणि वाटेत प्रत्येक गावात माती चाखत आला होता.

"हे वावर आमचं आहे," द्वारकाबाई म्हणाल्या. "माझ्या सासऱ्याच्या वेळेपासून."

"तुमचं खाली असंल," पुंडलिकराव समजुतीने म्हणाले. "हे वरचं माह्यं व्हय. हे पाहा."

त्यांनी बोट दाखवलं. केळीच्या दोन रांगांच्या मधे गाळातून बारीक हिरवी पानं वर आली होती. द्वारकाबाईंना वाटलं तण असेल. वाकून पाहिलं तर तीळ होते, आणि ओळीत उगवले होते. सरळ, तिफणीने पेरल्यासारख्या ओळी. पूर यायच्या दोन दिवस आधीच पुंडलिकरावांनी तिळाची पेरणी उरकली होती.

या वावरात द्वारकाबाईंनी उभ्या जन्मात तीळ पेरले नव्हते. मग त्यांनी हातातलं पान खाली टाकलं, ते कुणाच्या जमिनीवर टाकलं हे लक्षात येऊन परत उचललं, आणि म्हणाल्या, "चला तलाठ्याकडे."

तलाठी सुभान तडवी हा शांत माणूस होता. त्याने दोघांनाही बसायला खुर्च्या दिल्या, दोघांचं पूर्ण ऐकून घेतलं आणि मग पुंडलिकरावांना विचारलं, "तुमच्या मूळ गटात आता काय शिल्लक आहे?"

"खडक."

"त्याच्याजवळ कोणी आहे?"

"बायको बसली हाय. म्हटलं, माती गेली तं गेली, खडक तरी कोणी नेऊ नये."

"चांगलं केलंत," तडवी म्हणाले आणि तशी नोंद केली. "आता असं आहे, द्वारकाकाकू. पीक उगवलं की कब्जा सिद्ध होतो. तीळ यांचे आहेत. तेव्हा गट क्रमांक एकशे बेचाळीसमध्ये वरचे दीड हात यांचे धरावे लागतील."

"मग यांनी यांची माती घेऊन जावी. मी अडवत नाही. उलट गाडी देते."

"ते करता येणार नाही. माती जागेवर आहे तोवर ते वावर आहे. खणून गाडीत भरली की ते गौण खनिज झालं. गौण खनिजाच्या वाहतुकीला परवाना लागतो, तो जमिनीच्या मालकाला मिळतो. आणि माती उचलल्यावर यांच्याकडे जमीन राहत नाही, म्हणजे हे मालक राहत नाहीत."

पुंडलिकरावांनी मान हलवली. त्यांनी वाटेत याचा विचार केलेला दिसत होता.

"पण माझी केळी?" द्वारकाबाईंचा आवाज चढला. "हजार खोडं उभी आहेत माझी!"

तडवींनी कागदावर एक केळ काढली. तिला मुळं काढली, पानं काढली आणि मधून दोन आडव्या रेघा ओढल्या. "मुळं तुमच्यात आहेत. पानं हवेत आहेत, तिथे कुणाची हरकत नाही. मधलं दीड हात खोड यांच्या हद्दीतून जातं. त्याला वाट द्यावी लागेल. देता का हो, गावंडे?"

"देली."

"आणि मला?" द्वारकाबाई म्हणाल्या. "माझ्या वावरात जायचं तर मी पाय कुठे ठेवायचा?"

"तुमालेही देली," पुंडलिकराव म्हणाले. "कवाही या. विचारू नका."

आपल्याच वावरात जायची परवानगी मिळाल्याबद्दल आभार मानायचे असतात की नाही, हे द्वारकाबाईंना कळेना. त्यांनी पदर सावरला आणि त्या घरी आल्या. त्या दिवशी त्यांनी दोनदा चहा ठेवला आणि दोन्ही वेळा प्यायच्या विसरल्या.

पुंडलिकराव पाण्याच्या मोटारीच्या खोलीत राहू लागले. माणूस त्रासदायक नव्हता. सकाळी उठून तिळातलं तण काढी, खोडांना धक्का लागणार नाही असा बेताने बसे. द्वारकाबाईंनी केळीला पाणी सोडलं की ते आधी त्याच्या मातीतून जाई. पहिल्या दिवशी तो भर दुपारी घरी सांगायला आला, "बाई, तुमचं पानी माह्या वावरातून गेलं. थोडं मुरलं. चाललं काय?"

"किती मुरलं?"

"तिळाले लागन तेवढंच."

"चाललं," द्वारकाबाई म्हणाल्या. काय चाललं होतं ते त्यांना नीट समजलं नव्हतं, पण माणूस उन्हातून सांगायला आला होता.

एकदा त्या वावरात गेल्या तर तो एका जागी बसून हातात काहीतरी पुसत होता. चांदीचं जोडवं होतं. अकरा वर्षांपूर्वी निंदणी करताना त्याच्या बायकोच्या पायातलं पडलं होतं. तेव्हा दोघांनी मिळून सगळं वावर चाळून काढलं, तरी सापडलं नव्हतं. नदीने ते पन्नास कोस खाली आणून वरच्या वर ठेवलं होतं.

"तिले फोन केला," तो म्हणाला. "ते म्हने, असू दे तिथंच. वावरातच हाय न, मंग हरवलं कुठी?"

द्वारकाबाई खाली बसल्या. बसताना त्यांनी पहिल्यांदाच विचारलं नाही. त्यांनी जोडवं हातात घेऊन बघितलं. त्यांच्या मनात आलं की या माणसाला आता तुम्ही इथले नाही असं म्हणणं जड जाणार. आणि मग आपण कुठले, हा प्रश्न त्यांना तिथेच, बसल्या जागी, पहिल्यांदा पडला. त्या लगेच उठल्या.

पुढच्या आठवड्यात तडवी मोजणीला आले. दीड हात म्हणजे नेमके कुठून कुठपर्यंत, हे कागदावर यायला हवं होतं. वावराच्या मधोमध खड्डा घेतला. वरचा गाळ पिवळसर होता, त्याखाली काळी माती सुरू झाली. तिथे तडवींनी सुतळी ताणली.

"इथून खाली माझं," द्वारकाबाई म्हणाल्या.

तडवी खड्ड्यात उतरले होते आणि काळ्या मातीच्या उभ्या कडेकडे निरखून बघत होते. दोन हातांवर एक फिकट रेघ होती. तिच्याखाली माती किंचित तांबूस होती. मग आणखी एक रेघ, मग करडी माती, मग बारीक वाळू, मग पुन्हा काळी.

"काकू, ही तुमची माती आली कुठून?"

"आली कुठून म्हणजे? इथलीच."

"इथली नाही हो. हे थर आहेत. हा एका पुराचा, हा दुसऱ्या पुराचा. हे सगळं वरून आलेलं आहे." त्यांनी टेप खाली सोडून पाहिला. तो पुरला नाही. "विहिरी खणणारे सांगतात, या पट्ट्यात बारा पुरुष उंचीइतकं खाली गेलं तरी खडक लागत नाही. बारा पुरुष गाळ आहे. म्हणजे इथलं असं इथे काहीच नाही."

नदीकाठच्या त्या सपाट, काळ्याभोर पट्ट्याला सगळे सोन्याचा तुकडा म्हणत. दोन्ही बाजूंना डोंगर, मधे पंधरा कोस केळी आणि कापूस. द्वारकाबाई त्यात जन्मल्या, त्यातच दिल्या गेल्या. त्यांनी खड्ड्यात डोकावून पाहिलं आणि त्यांना एकदम आपल्या पायांखाली खूप माणसं उभी असल्यासारखं वाटलं.

"मग नियमाप्रमाणे जाहीर नोटीस काढावी लागेल," तडवी म्हणाले. "ज्यांची माती असेल त्यांनी पंधरा दिवसांत हरकत घ्यावी."

"काढू नका," द्वारकाबाई म्हणाल्या.

"काढावी लागेल, काकू. खड्डा झाला आहे."

नोटीस लागली. पंधरा दिवसांत नऊ जण आले. दर्यापूरकडचे एक मास्तर पणजोबांचं शेत हरवल्याचं सांगत आले, कुणी अख्ख्या गावाच्या गायरानाचा दावा घेऊन. एक म्हातारी नातसुनेचा हात धरून आली. तिसऱ्या थरातली तांबूस माती तिच्या माहेरची होती. तिने खड्ड्यात वाकून बराच वेळ पाहिलं, हात जोडले, म्हणाली, "आहे ना जागेवर? बरं," आणि ती परत गेली. दोघा भावांनी मात्र आपला थर आत्ताच ताब्यात हवा म्हणून आवाज केला. तडवींनी त्यांना शांतपणे समजावलं, की थर तुमचाच आहे, पण तिथे पोचायला वरच्या चार मालकांची वाट लागेल, आणि वरून खाली वाट द्यायची तरतूद फक्त झाडाला आणि पाण्याला आहे. भावांनी आपसांत बोलून पाहिलं. दोघांपैकी झाड किंवा पाणी कोणीच नव्हतं. ते गेले.

सगळे गेल्यावर द्वारकाबाई तलाठी कार्यालयात जाऊन बसल्या. सोबत सातबारा आणला होता.

"सुभानभाऊ, मला नीट समजावून सांगा. वरचे दीड हात गावंड्यांचे. खालचे दोन हात त्या दर्यापूरकडच्या मास्तरांचे. त्याखाली म्हातारीचं माहेर. मग हा जो कागद आहे माझ्या नावाचा, हा कशाचा आहे?"

"जागेचा."

"जागा म्हणजे काय? मातीखेरीज जागा दाखवा मला."

तडवींनी विचार केला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "दाखवता येणार नाही," ते म्हणाले. "पण ती आहे. सगळ्यांची माती तुमच्या जागेत आहे. त्याबद्दल त्यांनी तुम्हाला पानसुपारी द्यावी, असं मी सुचवू शकतो."

द्वारकाबाईंचे डोळे भरून आले. पानसुपारीसाठी नव्हे. तीस वर्षं शेणखत वाहून वाहून त्यांच्या नवऱ्याची पाठ वाकली होती, ती कुणाच्या मातीत? पहाटे उठून दगड वेचले, ते कुणाचे? त्यांनी हे विचारलंही.

"शेणखत तुमचंच," तडवी लगेच म्हणाले. ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. "ज्या मातीत तुमचं खत मिसळलं ती तुमची धरता येते. तसा आधार आहे. खत कुठे जास्त टाकत होतात?"

"कडेला. नदीच्या अंगाला. तिथे आम्ही भरताची वांगी लावतो, त्यांना खत लागतं. अर्धा एकर होती ती पट्टी."

"आता कुठे आहे?"

द्वारकाबाईंनी नदीच्या दिशेने बोट दाखवलं. ती पट्टी पुरात कापली गेली होती. वांग्याच्या रोपांसकट. नदी आता पूर्वीपेक्षा पंचवीस पावलं अलीकडून वाहत होती. या सगळ्या गोंधळात त्याचं दुःख करायला त्यांना सवडच मिळाली नव्हती.

तडवींनी भिंतीवरचा नकाशा काढून टेबलावर पसरला. "हे बघा. नदी वळते तिथे बाहेरच्या काठाचं नेते आणि आतल्या काठाला टाकते. तुम्ही बाहेरच्या काठाला आहात. जड वाळू लवकर बसते, पण तुमची माती बारीक, खताची. ती लांब जाणार. हे वळण तीव्र आहे, इथे पाण्याला जोर आहे, इथे नाही टाकणार. इथेही नाही." त्यांचं बोट नकाशावर पश्चिमेकडे सरकत गेलं आणि एका मोठ्या, संथ वळणाच्या पोटात थांबलं. "भादेपाडे. इथे बघा जाऊन. तुमची जमीन इथे असायला हवी."

"आणि इथल्या केळीचं काय?"

"गावंडे आहेत ना."

पुंडलिकरावांनी ते ऐकलं आणि जराही आढेवेढे घेतले नाहीत. "जा तुमी," ते म्हणाले. "घडाले मी टेकू देतो. फक्त एक करा. पोटभर खाऊन माती चाखू नका. तोंड कोरं पाह्यजे."

द्वारकाबाईंनी गोधडी बांधली, विळा-खुरपं घेतलं आणि एस.टी.ने निघाल्या. तीन ठिकाणी गाडी बदलावी लागली. खिडकीतून त्या बाहेर बघत होत्या. सगळीकडे तीच काळी माती होती, तेच कापसाचे तुकडे, आणि अधूनमधून वावरात बांधावरच्या माणसाशी वाद घालणारा कोणी वळकटीवाला. आधी त्यांनी अशा माणसांकडे कधी लक्ष दिलं नसतं.

भादेपाड्यात त्या काठावरून चालत निघाल्या. दोन वावरांत माती चाखली. एक खारट लागली, एकीची चवच लागली नाही. तिसऱ्या वावराशी त्यांना चाखावं लागलं नाही. हातभर उंचीची वांग्याची झाडं बांधापर्यंत दाट उगवली होती. फळ यायला अवकाश होता, पण पानावरचा काटा आणि देठाचा हिरवा रंग त्यांनी पन्नास पावलांवरून ओळखला. तसलं वांगं त्या मुलखात कोणी लावत नाही.

त्यांनी चपला काढल्या आणि आत शिरल्या. माती पावलाखाली मऊ होती. त्यांनी एक ढेकूळ उचलून फोडलं, आत शेणाचा कुजलेला धागा होता. त्यांनी ते नाकाशी धरलं आणि त्यांना रडू आलं. इतके दिवस नुसता गोंधळ झाला होता. रडायला नक्की कारण असं आज मिळालं होतं.

या वावराचा माणूस विहिरीकडून येत होता. मगन पाटील त्याचं नाव, पन्नाशीचा, सडपातळ, कानात बाळी. द्वारकाबाईंनी डोळे पुसले आणि मनात जुळवून ठेवलेलं सगळं बोलायला सुरुवात केली: पूर, कड, शेणखत, नकाशा, सुभान तडवी.

"या ताई," तो मधेच म्हणाला. "किती उशीर केला!"

"म्हणजे?"

"दीड महिना वाट बघतोय. ही वांगी उपटावीत की ठेवावीत हे कोणाला विचारू? दुसऱ्याचं पीक. आमची बाई रोज म्हणायची, आज येतील मालकीण. चहा घेणार ना?"

चहा घेताना त्याने मोटार कशी चालू होते ते दाखवलं, पाण्याची पाळी कोणत्या वाराला ते सांगितलं, डुकरं कोणत्या बाजूने येतात तेही सांगितलं. द्वारकाबाई ऐकत होत्या, पण त्यांना एक कळत नव्हतं.

"हे सगळं मला का सांगता? तुम्ही आहात ना इथे?"

"मी परवा निघतो," मगन पाटील म्हणाला. "माझी पण गेली ना, ताई. दीड एकर, मुगासकट."

"कुठे गेली?"

"समुद्रात." त्याने कपातला शेवटचा घोट घेतला. "धरणाच्या लोकांना विचारलं, ते म्हणाले, आमच्याकडे नाही थांबली, बारीक होती, दारातून निघून गेली. मग समुद्रातच असणार. भरती-ओहोटीच्या वेळा लिहून घेतल्या आहेत. ओहोटीला निंदायचं, भरतीला बाहेर येऊन बसायचं. बघू, जमेल."

"समुद्रात मूग येतो का?"

"माहीत नाही," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "पण पेरलेला आहे. कुणीतरी जायला हवं."

परवा तो निघाला. खांद्यावर कुदळ, काखेत वळकटी. बायकोने डबा बांधून दिला आणि ती फाटकापर्यंत गेली. द्वारकाबाई तेव्हा वांग्यांच्या रांगेत खुरपं घेऊन बसल्या होत्या. त्याने लांबून हात केला, त्यांनीही केला. मग त्यांच्या लक्षात आलं की विचारायचं राहूनच गेलं, आणि त्या उठून बांधावर आल्या.

"अहो दादा, वांगी निघाल्यावर इथे काय पेरू?"

"तुमची माती," तो चालता चालता ओरडला. "मला काय विचारता?"

द्वारकाबाईंनी थोडा वेळ विचार केला. थंडी पडू लागली होती, आणि जमिनीत ओल चांगली होती. त्या वर्षी त्यांनी वांग्यांच्या मागून हरभरा केला.